मोठे गुरुजी आणि ऐकणारा मोबाईल

यंत्राला घाबरणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले, यंत्रावर भाळणारे त्याहून जास्त पाहिले, आणि त्या दुसऱ्या गटात मी स्वतः होतो. पण यंत्राला वर्गात घेण्याआधी दारात उभं करून ‘तू इथं कशासाठी आलास?’ असं विचारणारा माणूस माझ्या सगळ्या नोकरीत मला एकच भेटला. ते आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. शाळा दोन शिक्षकांची. त्यातले ते मोठे आणि मी धाकटा, म्हणून सगळा पाडा त्यांना ‘मोठे गुरुजी’ म्हणायचा आणि मला नुसतं ‘सर’. काठी गावाच्या पलीकडे दोन डोंगर चढून उतरलं की आमचा पाडा लागायचा. मी कोरीटचा आणि ते म्हसावदचे. दोघंही सपाटीवरचे, दोघांच्याही घरची बोली अहिराणी. पण मी शनिवार दुपारची जीप पकडण्यासाठी शुक्रवारपासून पिशवी भरायचो, आणि गुरुजी शाळेशेजारच्या एका खोलीत असे राहायचे, की म्हसावदला त्यांचं घर आहे हे त्यांना पत्नीचा फोन आल्यावरच आठवत असावं.

त्यांच्या तोंडात तीन भाषा होत्या आणि तिघींच्या वेळा ठरलेल्या होत्या. साहेब आले की प्रमाण मराठी, राग आला की अहिराणी आणि मुलं समोर असली की भिली. ही भिली त्यांनी पन्नाशीला टेकल्यावर पहिलीच्या मुलांकडून शिकली. रोज सकाळी हजेरी झाली की ते एखादी वस्तू उचलून धरायचे आणि मुलांना तिचं नाव विचारायचे. मुलं सांगतील ते नाव वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी गुरुजींची परीक्षा घ्यायची. चुकले तर गुरुजी कान धरून उभे राहायचे. मी त्या शाळेत रुजू झालो त्या सकाळी मला दिसलेलं पहिलं दृश्य तेच होतं. पांढरा सदरा घातलेले, चष्मा कपाळावर सरकवलेले मुख्याध्यापक कान धरून उभे आहेत, आणि सहा वर्षांची एक मुलगी त्यांना रागावते आहे. मला वाटलं, आपली नेमणूक चुकीच्या ठिकाणी झाली.

शाळेला मोठा टीव्ही मिळाला तेव्हा छपरावर सोलरच्या प्लेटा बसल्या, पाड्यातली निम्मी माणसं बघायला आली. बसवणारा माणूस म्हणाला, “गुरुजी, आता तुम्हाला आराम. बटण दाबायचं आणि बसायचं.” गुरुजींचा चेहरा एखाद्याने शिवी द्यावी तसा झाला. तो माणूस गेल्यावर ते त्या टीव्हीसमोर स्टूल टाकून तासभर बसले, टीव्ही न लावता. मग मला म्हणाले, “भाऊ, हाई शिकाडी ऱ्हायनं, का नुसतं दखाडी ऱ्हायनं?” म्हणजे हे शिकवणार आहे की नुसतंच दाखवणार आहे? मी म्हटलं, “गुरुजी, दोन्ही.” त्यांनी मान हलवली. “दाखवील ते. शिकवायचं आपल्यालाच आहे.” टीव्ही लावून शिक्षक बाहेर गेला की वर्गात कोणीच उरत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे टीव्ही चालू असला की ते त्याच्या शेजारी उभे राहायचे, हातात रिमोट धरून, आणि अर्ध्या मिनिटाला एकदा चित्र थांबवायचे. थांबवलं की प्रश्न. काय दिसलं? पुढं काय होईल? तुमच्या शेतात असं होतं का? चार मिनिटांचा व्हिडिओ चार तासिका चालायचा.

एकदा तर तो पाच दिवस चालला. बी कसं रुजतं याचा व्हिडिओ होता. मातीत बी पडलं इथंच गुरुजींनी चित्र थांबवलं, मुलांना पळसाच्या पानांचे द्रोण करायला लावले, त्यांत माती भरली, चवळीचे दाणे टोचले आणि जाहीर केलं, की आपल्या चवळीला कोंब फुटेपर्यंत टीव्हीतल्या बीला कोंब फुटणार नाही. तिसऱ्या दिवशी नेमकी तपासणी आली. साहेबांनी पाहिलं, पडद्यावर मातीचं ढेकूळ आणि सगळा वर्ग त्याच्याकडे पाठ करून द्रोणांवर वाकलेला. ते म्हणाले, “टीव्ही अडकलाय का?” गुरुजींनी प्रमाण मराठीत सांगितलं, “नाही साहेब, थांबवला आहे. त्याला आमच्या चवळीची वाट पाहायची आहे.” साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, ते काय होतं हे आम्हाला कधी कळलं नाही. पाचव्या दिवशी द्रोणांतून हिरवी टोकं दिसली तेव्हा गुरुजींनी चित्र पुढे सोडलं. पडद्यावरचं बी दहा-बारा सेकंदांत फुटलं, वाढलं, पानंही आली. पहिलीतलं एक पोर तिरस्काराने म्हणालं, “खोटं आहे. इतक्या लवकर येत नाही.” गुरुजी त्या वाक्यावर दोन दिवस खूश होते. भेटेल त्याला सांगत होते, की आमच्या पोराने टीव्हीची चूक काढली.

टॅबचंही त्यांचं तंत्र वेगळं होतं. शाळेला पुरेसे टॅब असूनही ते दोन मुलांत एकच द्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, “एकाला दिला तर तो गप्प बसतो. दोघांना दिला तर भांडतात. भांडतात म्हणजे बोलतात.” शिक्षकाने मुलाच्या टॅबला बोट लावायचं नाही, हा दुसरा नियम. मी घाईने एखाद्याच्या पडद्यावर बोट नेलं की मागून आवाज यायचा, “भाऊ, तुन्हा हात मांगे ले.” रविवारी ते छत्री घेऊन डोंगराच्या धारेवर जायचे, कारण नेटवर्क तिथंच यायचं. एका खडकावर बसून पुढच्या आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घ्यायचे, प्रत्येक तीनदा पाहायचे, आणि दहातले आठ नाकारायचे. “हा माणूस फार भराभर बोलतो, ऐकणाऱ्याला श्वास घेऊ देत नाही.” “या बाईला उत्तराची फार घाई.” निवडलेल्या दोन व्हिडिओंचाही आवाज ते पुष्कळदा बंद करायचे, आणि पाड्यातल्या एखाद्या आजीला बोलावून तिच्याकडून चित्राची गोष्ट भिलीत सांगून घ्यायचे. तीच मग मराठीत. मुलांना आधी समजू दे, भाषा मागून येईल, असं त्यांचं म्हणणं.

शिक्षकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर रोज उपक्रमाचे फोटो टाकावे लागत. सगळ्या शाळांचे फोटो हसऱ्या चेहऱ्यांचे, हात वर केलेल्या मुलांचे. गुरुजींच्या फोटोत मुलांच्या फक्त पाठी. वरून विचारणा झाली तेव्हा त्यांनी एका बोटाने टाईप करून उत्तर पाठवलं, त्याला वीस मिनिटं लागली: ‘मुले एकमेकांकडे पाहून शिकत होती. तोंड इकडे केले असते तर शिकणे थांबले असते.’ मी मात्र त्या काळात त्यांना मनातल्या मनात हसायचो. मला वाटायचं, माणूस प्रेमळ आहे, पण काळ याच्या हातून सुटलाय.

मग ती वाचनाची चाचणी आली.

मोबाईलवरचं एक नवं अॅप होतं. मुलाने समोरचा उतारा मोठ्याने वाचायचा, मोबाईलने ऐकायचं आणि लगेच निकाल द्यायचा. हिरवा गोल म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे सराव हवा, लाल म्हणजे वाचता येत नाही. मला ते फार आवडलं. एका सकाळी गुरुजी केंद्रावर बैठकीला गेले असताना मी तिसरीच्या मुलांना रांगेत उभं केलं आणि चाचणी सुरू केली. त्या रांगेत मोगी होती. मोगी म्हणजे वाचनाने झपाटलेली पोर. बिस्किटाच्या पुड्यावरचं, खताच्या गोणीवरचं, जीपच्या मागचं, दिसेल ते वाचायची. उताऱ्याचं पहिलं वाक्य होतं, ‘तळ्याकाठी सकाळी सारस येतात.’ मोगीने अडखळल्याशिवाय वाचलं, “तळ्याकाठी हकाळी हारह येतात.” त्यांच्या भिलीत ‘स’चा ‘ह’ होतो. सगळा उतारा तिने असाच सुरेख वाचला. मोबाईलने लाल गोल दाखवला. मी म्हटलं, परत वाच. परत लाल. तिसऱ्यांदा ती हळू, घाबरत वाचू लागली, आणि पुन्हा लाल. मागची मुलं डोकावून बघत होती. कोणीतरी म्हणालं, “मोगीला येत नाही.” मी निकाल नोंदवला आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

दुसऱ्या दिवसापासून मोगीचं तोंड मिटलं. वर्गात यायची, पुस्तक उघडायची, पण ओठ हलायचे नाहीत. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. तिच्या शेजारची मुलगी म्हणाली, ती आता येणार नाही, आईबापाबरोबर गुजरातला ऊसतोडीला चालली आहे, धाकट्या भावाला सांभाळायला. दर वर्षी ते तिला आत्याकडे ठेवून जायचे आणि होळीला परत यायचे. या वर्षी बाप म्हणाला होता, मोबाईलनेच सांगितलं की हिला येत नाही, मग ठेवून काय करायचं?

मी गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ती वाचत होती तेव्हा तू समोर होतास?”

“हो.”

“तुला काय ऐकू आलं?”

“छान वाचलं तिने. फक्त स चा ह.”

“मग लाल कोणी दिलं?”

“मोबाईलने.”

गुरुजी हळू आवाजात, पण अहिराणीत म्हणाले, “मंग तू तठे कसाले बठेल व्हता?”

तू तिथं कशाला बसला होतास? एवढंच.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही मोगीच्या घरी गेलो. घर धारेवर होतं. अंगणात गाठोडी बांधलेली, कोयते गोणपाटात गुंडाळलेले. मोगी भावाला कडेवर घेऊन दाराशी उभी होती, आम्हाला पाहून आत गेली. तिचा बाप बांबूची टोपली पुरी करत बसला होता. गुरुजी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. पुढचं सगळं बोलणं भिलीत झालं. मला तेव्हा निम्मं कळलं, बाकीचं गुरुजींनी वाटेत सांगितलं.

त्यांनी शाळेचा विषय काढलाच नाही. टोपलीचं बूड कसं धरतात ते विचारलं. बाप सांगू लागला तेव्हा गुरुजींनी माझा मोबाईल मागून घेतला, बोललेलं लिहून घेणारी सोय चालू केली आणि त्याच्यापुढे धरला. बाप चांगला पाच मिनिटं बोलला. कामट्या कशा सोलायच्या, कोणत्या महिन्यातला बांबू घ्यायचा, पहिला वेढा कुठून. मग गुरुजींनी मोबाईलने काय लिहिलंय ते वाचून दाखवलं: “‘दहा गाडी हवा पोलीस आहे का आंबा.’”

बापाने मोबाईल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

“याला तुमचं काही कळलं नाही,” गुरुजी म्हणाले. “म्हणजे तुम्हाला टोपली येत नाही, असं समजायचं का?”

बाप हसला, पण लगेच गंभीर झाला. गुरुजींनी मग तेच वाचनाचं अॅप उघडलं आणि तोच उतारा स्वतः मोठ्याने वाचायला घेतला. “तयाकाठी सकायी सारस येतात.” आमच्या अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. तीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाला मोबाईलने पिवळा गोल दिला. सराव हवा.

आतून, दाराच्या आडून, बारीक आवाज आला. “गुरुजी, सकायी नाही. हकाळी.”

गुरुजींनी वळून पाहिलं नाही. पुन्हा वाचलं, “सकायी.”

“हकाळी!” मोगी बाहेर आली. भावाला आईकडे देऊन तिने पुस्तक धरलं आणि बोट ठेवून दाखवलं, जीभ कशी मागे न्यायची तेही दाखवलं. गुरुजी प्रयत्न करत होते, चुकत होते, ती रागावत होती. ‘स’ गुरुजींजवळ होता, ‘ळ’ तिच्याजवळ. तो एक शब्द त्या अंगणात दोघांनी मिळून पुरा केला. मग ती थांबली नाही, तिने उतारा शेवटपर्यंत वाचला. बापाने हातातली टोपली खाली ठेवून तो ऐकला. मोबाईल माझ्या हातात होता. त्याने कोणता गोल दाखवला ते मी पाहिलं नाही.

बाप म्हणाला, “वाचते, हे ऐकलं मी. पण धाकट्याला कोण बघणार? आम्ही दोघं फडात.”

गुरुजींनी आईच्या कडेवरच्या धाकट्याकडे पाहिलं. तेव्हा मोगीची आई म्हणाली, “मी पाठीवर बांधीन त्याला. हिला राहू दे.” आणि तिने एका गाठोड्याची गाठ सोडून मोगीचे कपडे बाहेर काढले.

परत येताना मी विचारलं, “गुरुजी, तुम्ही मुद्दाम चुकलात ना?” ते थांबले. जरा ओशाळल्यासारखे झाले. “नाही रे भाऊ. माले ते खरंच जमत नही. म्हणून तर ळ आला की मी फळ्याकडे तोंड करतो.”

मला वाटलं होतं, आता ते अॅप शाळेतून हद्दपार होईल. तसं झालं नाही. गुरुजींनी त्याला फक्त रांगेत शेवटी उभं केलं. मुलाने आधी मित्राला वाचून दाखवायचं, मग शिक्षकाला, आणि सगळ्यात शेवटी मोबाईलला. मोबाईलचा निकाल आला की मुलांनी मोबाईलची तपासणी करायची, त्याने कुठं चुकीचं ऐकलं ते वहीत लिहायचं. स आणि ह एकमेकांपासून वेगळे ऐकायला आमची मुलं त्या तपासणीतून शिकली, हेही खरं. मोगीसुद्धा दोन-तीन महिन्यांत ‘सकाळी’ म्हणू लागली, आणि घरी गेल्यावर ‘हकाळी’. गुरुजींना दोन्ही चालत होतं.

मला त्यांनी तालुक्याला पत्र लिहायला लावलं. मी तावातावाने यंत्राच्या चुकांची यादी केली. ती त्यांनी बाजूला ठेवली. “हे नको. लिही, मुलगी वाचत होती आणि मी ऐकलं नाही.” ते वाक्य लिहायला मला पूर्ण दिवस लागला. उत्तर आलं, की एकदा नोंदवलेला निकाल त्या वर्षात बदलता येत नाही. त्यामुळे कागदोपत्री मोगी वर्षभर लालच राहिली. होळीला तिचे आईबाप परत आले, तेव्हा ती आत्याबरोबर त्यांना आणायला खाली गेली आणि येताना वाटेतल्या सगळ्या पाट्या तिने त्यांना वाचून दाखवल्या. आता ती खालच्या आश्रमशाळेत सहावीला आहे.

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निरोपाचा समारंभ करू दिला नाही. शेवटच्या दिवशीही पाच वाजेपर्यंत शिकवलं, मला किल्ल्या दिल्या आणि जीपमध्ये पुढे बसले. आज त्या शाळेत मी मोठा आहे. हातात रिमोट असला की माझं बोट आपोआप थांबवायच्या बटणाकडे जातं.

गेल्या महिन्यात मी म्हसावदला त्यांच्याकडे गेलो होतो. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, दारातच म्हणाल्या, “या भाऊ, बराच दिनमा उनात,” म्हणजे बऱ्याच दिवसांनी आलात. गुरुजी ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. थकलेत. समोर पपईचं शेत, पलीकडे रस्ता. मी गेलो होतो ते एक गोष्ट सांगायला. माझी बदली झाली होती. सपाटीवर, घरापासून अर्ध्या तासावरची शाळा. सात वर्षं मी अर्ज करत होतो आणि आता मंजुरी आली तर मला झोप लागत नव्हती. वाटलं, गुरुजींना विचारावं.

पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. पहिलीपासून एकेका मुलाचं नाव घेऊन ते विचारत सुटले. तो आता बोलतो का? तिच्या डोळ्यांना चष्मा मिळाला का? त्या जुळ्यांना अजून एकाच बाकावर बसवतोस का, वेगळं कर त्यांना. जो गप्प असायचा, त्याने या वर्षी तुला काय काय विचारलं? त्यांनी शिकवलेली मुलं संपली, तर त्यांच्यामागून आलेल्यांची, न पाहिलेल्यांची नावं विचारून घेतली. मी सांगत गेलो. चहा झाला, जेवण झालं, उन्हं कलली. ते एकाग्र होऊन ऐकत होते, मधूनच डोळे मिटत होते, आणि मी थांबलो की म्हणत होते, “मंग?”

बसची वेळ झाली तेव्हा ते स्टँडपर्यंत आले. मी चढलो, खिडकीशी बसलो. ते खाली उभे राहून म्हणाले, “होळीनंतर एकदा ये. तोवर त्या पहिलीच्या पोरांचं काय होतं ते बघू. सगळं नीट सांग मला.”

होळीपर्यंत मी त्या पोरांजवळ असणारच नव्हतो, आणि बदलीची गोष्ट सांगायची राहूनच गेली होती. हे त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बस सुटेपर्यंत ते वर बघत उभे होते, उत्तराची वाट बघत, आणि मी म्हटलं, “हो गुरुजी, येतो.”